गळ्याशी आलेले शब्द

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टर मैत्रिणीने मला सात प्रश्नांचा एक कागद तपासायला बोलावलं होतं. जीएडी-७ नावाची ही प्रश्नावली २००६ साली अमेरिकेत तयार झाली आणि आता ती जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे सात प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २१, आणि ती १० वर पोचली की डॉक्टरने नीट लक्ष घालायचं. पहिल्याच प्रश्नात तीन इंग्रजी शब्द शेजारी शेजारी उभे आहेत : नर्व्हस, अँक्शस, ऑन एज. मैत्रिणीला कुणीतरी करून दिलेल्या मराठी कागदावर त्यांच्या जागी 'उद्विग्न, चिंताग्रस्त किंवा अस्वस्थ वाटणे' असं छापलं होतं.

शब्दकोशाच्या हिशेबाने त्यात चूक काढायला जागा नव्हती. मैत्रीण म्हणाली, "तू थोडा वेळ बसच माझ्याबरोबर." समोर पन्नाशीच्या एक मावशी होत्या. नर्सने प्रश्न वाचला. मावशींनी मान हलवली, "न्हाई बाई, तसलं काय न्हाई." शून्य. दुसऱ्या प्रश्नाला शून्य, तिसऱ्यालाही शून्य. कागद संपला. मावशींनी पिशवी काखेत मारली, पदराने कपाळ टिपलं आणि उठता उठता म्हणाल्या, "पोरगा ट्रकवर हाय. त्याचा फोन न्हाई आला की जिवाला निस्ता घोर लागतो बघा. रात रात डोळ्याला डोळा न्हाई." मग त्या पुन्हा खाली टेकल्या आणि अर्धा तास बोलत राहिल्या. कागदावर बेरीज शून्य होती.

आपल्याकडे असा एक समज पक्का झाला आहे की मनाच्या दुखण्याचे इंग्रजी शब्द शास्त्रीय, नेमके, आणि मराठी शब्द घरगुती, ढोबळ. शिकलेला माणूस 'अँग्झायटी' म्हणतो, न शिकलेला 'घोर' म्हणतो. पहिल्याचा आजार, दुसऱ्याची नुसती कटकट. मला हा समज खोटा वाटतो, आणि त्याची किंमत मावशींसारखी माणसं मोजतात, म्हणून घातकही वाटतो.

मुळात हे इंग्रजी शब्द कुठून आले ते बघावं. 'वरी' हा शब्द जुन्या इंग्रजीत गळा आवळणे या अर्थाचा होता. जर्मन भाषेतला त्याचा सख्खा भाऊ आजही नरडं दाबण्यासाठीच वापरला जातो. पुढे इंग्लंडातल्या धनगरांनी तो कुत्र्यालांडग्यांसाठी वापरला : मेंढीचं नरडं धरून तिला हिसडणे. गुरामेंढरांवर कुत्री जाऊ नयेत यासाठी ब्रिटनमध्ये १९५३ साली केलेल्या कायद्यात हे क्रियापद याच रांगड्या अर्थाने येतं. माणूस मनातल्या मनात काळजी करत बसतो, हा आज सगळ्यांच्या ओळखीचा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळलेला, म्हणजे तसा कालपरवाचा. आणि 'अँग्झायटी'? लॅटिनमधल्या 'अंगेरे' या धातूचा अर्थ आवळणे, घुसमटवणे. छातीत आवळून येणाऱ्या कळेला डॉक्टर अंजायना म्हणतात, तो शब्द याच घरातला. रागाचा 'अँगर' आणि वेदनेचा 'अँग्विश' हेही त्याच कुळातले. आपल्या वेदांत संकटाला, कोंडीला 'अंहस्' म्हटलं आहे, त्याचंही मूळ तेच : अरुंद जागा, जिथे श्वास पुरत नाही.

मराठीत 'अडचण' हा शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो. खोलीत कपाटाची अडचण होते आणि पैशांचीही अडचण होते. जागा नसणं आणि संकटात असणं, दोन्हींना एकच शब्द. प्राण कंठाशी येतात, हुंदका घशात अडकतो, एखादी गोष्ट गळ्याशी येते. माणसाला भीती कुठे कळते याचं उत्तर इंग्रजांनी आणि आपण एकाच जागी बोट ठेवून दिलं आहे.

असे नातेसंबंध शोधायला लागलं की थांबवत नाही. इंग्रजी 'हॉरर' आणि आपला 'हर्ष' हे मुळात एकाच धातूचे आहेत, हे सांगितलं की लोक विश्वास ठेवत नाहीत. धातूचा अर्थ केस ताठ उभे राहणे. भीतीने राहतात तसेच आनंदानेही राहतात. लॅटिनने भीतीचा अर्थ उचलला, आपण आनंदाचा. पण जुनी खूण पुसलेली नाही : गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन रणांगणावर आपली अवस्था सांगतो त्यात रोमहर्ष आहे, आणि तो काही आनंदाने उठलेला नाही. 'टेरर' आणि 'त्रास' यांचंही तसंच. दोघांच्या मुळाशी थरथर कापणं आहे. संस्कृतात त्रास म्हणजे भयच. मराठीत येईपर्यंत त्याची धार गेली आणि आता डासांचा त्रास, पित्ताचा त्रास इथवर तो उतरला. तिकडे टेरर मात्र उग्रच राहिला. मग तोच शब्द फिरून मराठीत आला आणि गणिताचे कडक सर 'एकदम टेरर' झाले. 'टेन्शन' तर ताणाची बहीणच : दोघांत तोच 'तन्', ओढून ताठ करणे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना टेन्शन हा शब्द खुपतो. मला खुपत नाही. खेड्यातल्या आजीपासून रिक्षावाल्या दादांपर्यंत सगळे तो बिनघोर वापरतात, त्याला मराठी क्रियापदं जोडतात, 'टेन्शन येतं, जातं, देतात, घेतात'. जो शब्द इतक्या क्रियापदांशी संसार करतो तो परका कसा म्हणायचा?

'डिस्मे' म्हणजे अंगातलं बळ काढून घेतलं जाणं. आपले हातपाय गळतात. 'अपॉल' म्हणजे फिकं पडणं. आपण पांढरेफटक पडतो. इंग्रजी कोश उघडावा आणि भीतीचा शब्द काढावा, आत बहुधा एक थरथरतं, घामेजलेलं शरीरच सापडतं. मराठीतही तेच : धडकी भरते, पोटात गोळा येतो, काळजात चर्र होतं, अंगावर काटा येतो. तेव्हा एक भाषा शास्त्राची आणि दुसरी देहाची, ही वाटणी शब्दांच्या जन्मात कुठे नाही.

मग वाटणी झाली कुठे? ती झाली मेहनतीत, आणि ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सोरेन किर्केगार्द या डॅनिश तत्त्वज्ञाने १८४४ साली एका पुस्तकात माणसाच्या एका विशिष्ट भयाचा विचार मांडला : समोर वाघ नाही, साप नाही, तरी वाटणारं भय, आपण काहीही करू शकतो या जाणिवेचंच वाटणारं भय. त्यासाठी त्याने रोजच्या डॅनिशमधला शब्द घेतला. वॉल्टर लॉरी यांनी १९४४ साली ते पुस्तक इंग्रजीत नेलं तेव्हा त्या शब्दाला 'ड्रेड' म्हटलं. १९८० साली नवं भाषांतर आलं त्यात 'अँग्झायटी' झालं. पुस्तक निघून शंभराहून अधिक वर्षं झाली तरी इंग्रजीचं एकमत नव्हतं, आणि त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. ते पुन्हा बसले, पुन्हा केलं.

फ्रॉइडचं उदाहरण याहून बोलकं आहे. १८९५ साली त्याने एका मानसिक विकाराला स्वतंत्र नाव दिलं, त्यात शब्द होता 'अँगस्ट'. जर्मन भाषेत हा शब्द कोण वापरतं? अंधाऱ्या खोलीत जायला न धजणारं चार वर्षांचं पोर वापरतं. 'आई, मला भीती वाटते' यातली जी भीती, ती अँगस्ट. फ्रॉइडने पोराच्या तोंडचा शब्द उचलला, त्याच्यावर आयुष्यभर विचार केला, व्याख्या केल्या, त्या मोडल्या, पुन्हा केल्या. त्याचे इंग्रजी भाषांतरकार जेम्स स्ट्रेची यांनी त्यासाठी 'अँग्झायटी' योजला खरा, पण हा शब्द सगळीकडे चपखल बसत नाही, असं सांगणारं टिपण त्यांना लिहावं लागलं. जर्मनमधला 'मी' इंग्रजीत 'इगो' झाला, तसाच तो भ्यालेल्या पोराचा शब्द दवाखान्यातला झाला. आपल्यापर्यंत आला तो हा दवाखान्यातला. त्यामुळे शास्त्राची भाषा अशीच असते, जरा दूरची, जरा कडक, असं आपण धरून चाललो. पुढे १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत यादीत त्या जुन्या विकाराचे दोन भाग केले : अचानक झडप घालणारा पॅनिकचा, आणि महिनोन्‌महिने रेंगाळणारा अँग्झायटीचा. शब्दाला नेमकेपणा आला तो असा, माणसांनी बसून घासूनपुसून. तो लॅटिनच्या रक्तातून आलेला नाही.

आपल्या भाषेत हे घासण्याचं काम थोडं झालं. 'न्यूनगंड' हा घडवलेला शब्द इतका रुळला की तो घडवलेला आहे हेच आपण विसरलो. पण बहुतेक वेळा आपण संस्कृतातून एक चिरेबंदी शब्द पाडला, कोशात ठेवला आणि काम संपलं असं मानलं. 'चिंताविकृती' हा शब्द ऐकून कुणाला आपलं दुखणं ओळखू येईल? त्यातल्या 'विकृती'नेच माणूस दोन पावलं मागे सरेल.

आणि घासायला माल तर केवढा आहे. धसका बसतो तो घडून गेलेल्या गोष्टीचा, आणि तो बसूनच राहतो. धास्ती असते ती पुढे येणाऱ्या गोष्टीची. निकाल लागायचा असतो तेव्हा धाकधूक होते. निकाल लागला की ती संपते, बरा लागो की वाईट. मुलगी सासरी निघाली, घर रिकामं झालं, तेव्हा हुरहूर लागते. तिच्यात भय कमी आणि ओढ जास्त. काहीतरी करायचं राहून गेलं, कुणाला शेवटचं भेटलो नाही, त्याची रुखरुख. अजून काहीच घडलेलं नाही पण काहीतरी बिनसलं आहे असं वाटतं, तेव्हा मनात पाल चुकचुकते. घोर या सगळ्यांपेक्षा वेगळा. तो दिवसांचा, महिन्यांचा, आणि बहुतेकदा आपल्या माणसासाठीचा. काळ कोणता, कारण ठाऊक आहे की नाही, किती दिवसांचं आहे, उतरेल की नाही : डॉक्टरला विचारायच्या असतात त्या गोष्टी या शब्दांच्या पोटातच आहेत. पेशंट 'धसका घेतलाय' म्हणतो तेव्हा त्याने अर्धी हकीगत सांगितलेली असते. कुणीतरी फक्त 'कशाचा?' एवढं विचारायचं असतं.

अलार्मची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिला काळजीच्या पंगतीत बसवू नये. इटालियन सैनिकांच्या 'शस्त्रं उचला!' या आरोळीतून हा शब्द निघाला. 'अलर्ट'ही तिथलाच, उंचावर जाऊन पहारा करा असं सांगणारा. म्हणजे दोन्ही शब्द मुळात भावना सांगणारे नव्हतेच. ते हुकूम होते. त्यांच्यात काय वाटावं हे नाही, काय करावं हे आहे. आपल्याकडे असा एकच शब्द आठवायचा तर 'सावधान'. बोहल्यावर उभ्या असलेल्या नारायणाने तो ऐकला आणि तो पळाला, पुढे समर्थ रामदास झाला, अशी कथा आहे. कथा खरी किती हा प्रश्न बाजूला ठेवू. शब्द ऐकताच पाय हलले, हे तिचं मर्म. एरवी लग्नाला आलेले आपण सगळे तोच शब्द ऐकतो आणि अक्षता टाकतो. घड्याळाच्या अलार्मला मात्र मराठीने फार सुंदर नाव दिलं : गजर. वारकरी हरिनामाचा करतात तो गजर आणि पहाटे पाचला उशाशी होतो तोही गजर. तिथे शस्त्रं नाहीत, जाग आहे.

हवामान खातं आता पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतं आणि वर्तमानपत्रं ते 'यलो अलर्ट', 'ऑरेंज अलर्ट', 'रेड अलर्ट' असे छापतात. पिवळ्याचा अर्थ लक्ष ठेवा, नारिंगीचा तयारीत राहा, लालचा कामाला लागा. ही तीन साधी वाक्यं. पण दरडीखालच्या वाडीत राहणाऱ्या माणसापर्यंत रंग पोचतो, वाक्य पोचत नाही, आणि ज्या शब्दाचा जन्मच हुकूम म्हणून झाला त्यातून हुकूम गळून नुसती भीती उरते. 'रेड अलर्ट' ऐकून तो माणूस घाबरतो, पण निघायचं कधी आणि जायचं कुठे हे त्याला त्या शब्दाने सांगितलेलं नसतं. मथळ्यात रंगाच्या शेजारी 'घर सोडा', 'नदीकाठी जाऊ नका' एवढे तीन-चार शब्द बसवायला किती जागा लागते?

'पॅनिक'वर माझा खरा राग आहे. हा शब्द ग्रीकांच्या पॅन देवाचा, बकऱ्याच्या पायांचा, रानात राहणारा. निर्जन डोंगरात वाटसरूला अचानक, विनाकारण भय दाटून येतं, ते त्याचं काम असं ग्रीक मानत. आपल्याकडे रानात चकवा लागतो, त्याच्या जवळपासचं. शब्दात एक निवाडा आधीच दडलेला आहे : भीतीला कारण नाही, माणसाचं भान सुटलं आहे. म्हणून हा शब्द दुसऱ्यावर टाकताना फार जपलं पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली त्या रात्री लोक किराण्याच्या दुकानांपुढे रांगा लावून उभे राहिले. वरून आवाज आला, 'पॅनिक होऊ नका.' घरात आठ तोंडं आहेत आणि हातावर पोट आहे, अशा बाईने दहा किलो तांदूळ घेऊन ठेवला, तर तिचं भान सुटलं होतं की ते ठिकाणावर होतं? ती काळजी घेत होती. पॅनिक म्हणून तिचा विचारीपणा आपण काढून घेतला.

याहून गंभीर उदाहरण गर्दीतल्या मृत्यूंचं आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी मुंबईत एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर २३ माणसं गेली. पाऊस कोसळत होता, जिना अरुंद होता, गाड्यांमागून गाड्या माणसं ओतत होत्या. इंग्रजी बातम्यांत शब्द आला 'स्टँपीड'. बिथरलेलं जनावरांचं खिल्लार उधळतं, त्यासाठी स्पॅनिशमधून आलेला हा शब्द आहे. म्हणजे माणसं उधळली, माणसांनी माणसांना तुडवलं, दोष माणसांचा. मराठी बातम्यांत शब्द होता 'चेंगराचेंगरी'. तो उधळण्याबद्दल काही म्हणत नाही. तो सांगतो की माणसं चेंगरली, आणि खरंच तसंच होतं. अशा दुर्घटनांत माणसं बहुधा पळताना मरत नाहीत. जागा नसते, हलता येत नाही, छातीवर दाब येतो आणि श्वास कोंडतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारांटेली यांनी १९५४ पासून हेच मांडलं की आपत्तीत सापडलेली माणसं सरसकट बेभान होतात हा समज चुकीचा आहे. तसं क्वचित घडतं. आता तिकडचे जाणकारही 'स्टँपीड' टाळा, 'क्रश' म्हणा असं सांगतात. आपली भाषा ते आधीपासून म्हणत होती. चेंगराचेंगरी हा शब्द जिन्याच्या रुंदीकडे बोट दाखवतो, स्टँपीड मेलेल्या माणसांकडे.

इतकं लिहून झाल्यावर उलट बाजूही मोकळेपणाने मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणारा विशीतला मुलगा घरी फोन करून 'बाबा, मला भीती वाटते' असं म्हणू शकत नाही. मराठीत भिणाऱ्याला केवढी नावं आहेत : भित्रा, घाबरट, भेकड, शेळपट, भागूबाई. त्याची घाबरगुंडी उडते आणि बघणारे हसतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो, म्हणजे राक्षसाचाही दोष भिणाऱ्याचाच. मुलगा 'भीती' म्हणाला की पलीकडून उत्तर ठरलेलं असतं, 'त्यात भ्यायचं काय? आम्ही नाही काढले दिवस?' तोच मुलगा 'मला अँग्झायटी आहे' म्हणाला तर बाप क्षणभर गप्प होतो. हा कसला तरी आजार आहे, याला डॉक्टर असतो, एवढं त्याला कळतं. या परक्या शब्दाला आपल्या शिव्या चिकटलेल्या नाहीत, म्हणून त्याच्या आडोशाने माणूस बोलायला धजतो. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी खरं. त्यांची भीती बाईपणाच्या खात्यावर मांडून मोकळं व्हायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. ज्या शब्दाने एखादा जीव वाचतो त्याला मी भाषेच्या नावाने अडवणार नाही. दार या शब्दाने उघडतं.

पण दारात उभं राहून भागत नाही. 'अँग्झायटी आहे' हे वाक्य पुष्कळदा बोलणं सुरू करण्याऐवजी संपवतं. भीती म्हटलं की ऐकणारा 'कशाची?' विचारतो, मराठीचं व्याकरणच त्याला विचारायला लावतं. अँग्झायटी म्हटलं की तो 'गोळी घेतलीस का?' विचारतो. गोळी लागते तिथे ती घ्यावीच. पण निकाल तीनदा पुढे गेला आहे, वडिलांनी जमीन गहाण ठेवली आहे, गावी गेलं की चुलते हसतात, हे कुणाला तरी सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगायला परका शब्द अपुरा पडतो. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, १४४१६ या क्रमांकावर, आणि तिथे मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक अशा प्रत्येक मुलाच्या भिंतीवर असायला हवा.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 'आय ॲम अँक्शस' या इंग्रजी वाक्यात मी म्हणजेच ती अवस्था. मराठीत भीती मला वाटते, धसका मला बसतो, घोर मला लागतो, धडकी मला भरते. कर्ता ती, मी नाही. ती बाहेरून आली, बसली, लागली. जी आली ती जाऊही शकते. नवी मुलं 'मी पॅनिक झाले' म्हणतात, तेव्हा ही फट बुजते. मानसोपचारातही माणसाला हीच फट शिकवावी लागते की तू म्हणजे तुझी भीती नव्हेस. आपल्या व्याकरणात ती आयती आहे.

आणि काळजी. कोशातली व्युत्पत्ती काही असो, बोलणाऱ्याच्या कानाला काळजीत काळीज ऐकू येतंच. हा शब्द तीन क्रियापदं घेतो. काळजी वाटते, तेव्हा ती आपल्याकडे आलेली असते. काळजी करतो, तेव्हा आपण तिला खतपाणी घालतो. काळजी घेतो, तेव्हा तिचं काम झालेलं असतं : वेळेवर औषध, गरम भात, 'पोचलास की फोन कर'. इंग्रजी 'केअर'चाही प्रवास असाच झाला. जुन्या इंग्रजीत तो शब्द दुःखाचा आणि चिंतेचा होता, आज तो जपण्याचा आहे. पण चिंतेसाठी त्यांना 'वरी' वेगळा धरावा लागला. आपण दोन्ही एकाच शब्दात राखलं. 'काळजी करू नकोस, काळजी घे' हे पाच शब्दांचं वाक्य दुसऱ्या भाषेत न्यायला गेलं की एका शब्दाचे दोन करावे लागतात आणि त्यातला धागा तुटतो.

आता पुन्हा त्या कागदाकडे. अशा प्रश्नावल्यांचं भाषांतर करायची एक ठरलेली रीत असते. एकाने मराठीत न्यायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत आणायचं, आणि दोन इंग्रजी कागद जुळतात का ते पाहायचं. रीत प्रामाणिक आहे, पण तिच्यात एक खोट आहे. 'चिंताग्रस्त' परत नेला की अचूक 'अँक्शस' होऊन येतो, म्हणून तो पास होतो. 'जिवाला घोर लागणे' परत नेलं की ते नीट जुळत नाही, म्हणून ते गळतं. कोशातले शब्द परीक्षेत उत्तीर्ण होतात आणि मावशींचे शब्द नापास. म्हणून या रीतीत आणखी एक पायरी हवीच हवी : ज्यांनी उत्तरं द्यायची त्यांच्यासमोर प्रश्न वाचायचा आणि 'यातून तुम्हाला काय समजलं?' असं विचारायचं. काळजीपूर्वक काम करणारे संशोधक हे करतात. घाईत कागद छापणारे करत नाहीत.

मैत्रिणीने आणि मी चार संध्याकाळी ओसरीवर बसून बायकांना, म्हाताऱ्यांना, दहावीच्या मुलांना प्रश्न वाचून दाखवले. 'उद्विग्न' कुणालाच कळला नाही. 'अस्वस्थ' म्हणजे पोट बिघडलं, असं दोघींनी सांगितलं. 'टेन्शन' सगळ्यांना कळला. अधिकृत प्रश्नावलीचे शब्द आपल्या मनाने बदलले तर तिच्या गुणांचा अर्थ डळमळतो, हे मैत्रिणीला ठाऊक होतं. म्हणून तिने प्रश्न तसेच ठेवले आणि पहिल्या प्रश्नाखाली नर्सने तोंडी सांगायची एक ओळ लिहिली : 'म्हणजे जिवाला घोर लागणं, धाकधूक होणं, टेन्शन येणं, जीव थाऱ्यावर नसणं.'

शाळेत, दवाखान्यात, सरकारी कचेरीत जे कुणी असे कागद तयार करतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : छापण्याआधी तो कागद शब्दकोश हाती न धरलेल्या चार माणसांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि ती बोलतील ते शब्द लिहून घ्या.

त्या मावशी पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी पुन्हा आल्या. नर्सने कागद नव्याने भरला. बेरीज १४ आली.